व्हिडिओ कॉलवरचा कौल

गंधाली परदेशात इंटरनॅशनल इकॉनॉमिक्स शिकणार, हे श्यामसुंदररावांनी पार्ल्यातल्या अख्ख्या सोसायटीला सांगून टाकलं होतं. गंधालीला विचारायचं तेवढं राहिलं. परदेशातल्या अ‍ॅडमिशन लावून देणारा मालाडचा कौन्सेलर तर "सर, इंटरनॅशनल इकॉनॉमिक्स म्हणजे, सर, मुलगी सेट, सर!" असं प्रत्येक श्वासाला सर लावून बोलायचा. गंधालीला इथल्याच कॉलेजात स्टॅटिस्टिक्स करायचं होतं. पण बाबांसमोर तोंड उघडेल तर शपथ.

जागा पक्की करायची मुदत संध्याकाळी संपत होती. तरी गावच्या देवीचा कौल घेतल्याशिवाय बाबा बटण दाबेनात. म्हणून भरदुपारी लॅपटॉपवर देवळातला व्हिडिओ कॉल. गुरव देवीला फुलं लावणार; उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

"दिसता मां?" बाबांचा लहानपणचा दोस्त भिकाजी गुरव ओरडला.

"दिसतंय, दिसतंय!" बाबाही थेट गावात ऐकू जावं असे ओरडले.

आणि चित्र गोठलं. भिकाजीचं तोंड उघडंच राहिलं. धुपाचा धूर हवेत टांगलेला, समईची ज्योत रंगवल्यासारखी.

"लागली नेटची वाट," आई पुटपुटली.

"गप गं शुभा, हात जोड."

तिघांनी हात जोडले. गंधालीने मनातल्या मनात विचारलं, 'मी नाही म्हणू?'

त्या गोठलेल्या चित्रात देवीच्या उजव्या खांद्यावरून एक पांढरी पाकळी सुटली आणि सावकाश घरंगळली. धूर हलला नाही. ज्योत हलली नाही. भिकाजीची पापणीही नाही.

"होकार! झकास!" बाबांनी माउस धरला.

तेवढ्यात फोन वाजला. भिकाजीच. बाबांनी स्पीकर लावला.

"श्याम्या, कॉल तुटलो रे तुमचो. मी थांबलंय. गाऱ्हाणा घालूचा आसा."

"अरे, पाकळी पडली ना! आम्ही तिघांनी बघितली."

मग भिकाजीचा आवाज एकदम खाली आला.

"फुला अजून माझ्या हातातच आसत. सगळी तांबडी. देवीक काय इचारूक पण नाय मी. मगे कोणी इचारल्यान?"

आईने उगाचच पंखा बंद केला.

"मी विचारलं, 'मी नाही म्हणू?'" गंधाली म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "बाबा, मी जात नाही. मी इथेच स्टॅटिस्टिक्स करणार."

"अगं, पण..." बाबांनी पडद्याकडे पाहिलं. खाली कॉल संपल्याचं लिहून आलं होतं. वर देवी तशीच बघत होती.

त्यांनी माउसवरचा हात हळूच काढून घेतला.