न्हाणीच्या पाण्यावरचा लिंब

भिंगारला आमच्या घरावर पत्रे होते. मे महिन्यात आईचं डोकं इतकं दुखायचं, की कपाळाला ओला पंचा बांधूनच ती भाकरी थापायची. म्हणून वडिलांनी दारात कडुलिंब लावला. नळाला पाणी एक दिवसाआड, झाडाला कुठून घालणार? युक्ती शेजारच्या काकांची. दोघांनी मिळून न्हाणीच्या मोरीपासून खोडापर्यंत चर खणला. मग काय, आंघोळ जणू लिंबासाठीच! रविवारी काकाही आमच्याच न्हाणीत यायचे. "लिंबाला आज डबल डोस," म्हणायचे. हळूहळू गल्लीत घरोघर चर झाले आणि दारोदार झाडं आली.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला लिंब पत्र्यावर पसरला. आई दुपारी त्याच्याखाली बाज टाकून निजायची. डोकेदुखीचं नाव राहिलं नाही. त्याच सुमाराला काकांनी शेजारी एसटीडी फोनचा काचेचा बूथ टाकला.

त्या उन्हाळ्यात आम्ही लग्नाला कोल्हारला गेलो. घराची किल्ली अर्थातच काकांकडे.

"भावजी, लिंबाला तेवढं पानी घाला."

"वहिनी, तुमी बिनघोर जा."

परत आलो तेव्हा रस्त्यावरूनच काकांचा पिवळा एसटीडीचा बोर्ड दिसला. आधी तो कधीच दिसत नव्हता. आमच्या दारात बुंधा उरला होता आणि भिंतीला लाकडं नीट रचून ठेवली होती.

"बोर्ड झाकत हुता हो. गिऱ्हाईक कसं येनार?" काका म्हणाले. "सरपन समदं तुमालाच ठिवलंय." वर उपकार!

बुंध्याभोवतीची माती ओली होती. म्हणजे गृहस्थ तोडेपर्यंत इमानानं पाणी घालत होता. माझ्या अंगाची लाही झाली. आता वडील याची चांगली खरडपट्टी काढणार, म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी किल्ली घेतली आणि कुलूप उघडलं.

पुढच्या मे महिन्यात काकांना काचेच्या बूथमध्ये बसवेना. दुपारी ते स्टूल घेऊन आमच्या ओट्यावर आले, वडिलांशेजारी टेकले. आत आईनं पुन्हा कपाळाला पंचा बांधला होता.

"औंदा ऊन लईच वाढलंय," काका म्हणाले.

निदान आता तरी वडील बोलतील, असं मला वाटलं.

"व्हय, लईच," वडील म्हणाले.

झाड काकांनी तोडलं, ते मी एक वेळ विसरेन. हा 'व्हय' मी वडिलांना कधीच माफ केला नाही.

मग वडिलांनी आत हाक मारली, "अगं, भावजींना पानी आन."

आई पंचा सावरत तांब्या घेऊन बाहेर आली.