आठ नंबरचे सेफ्टी बूट

सांगते, सगळं सांगते, पण एक अट आहे. मध्ये कुणी बोलायचं नाही! मी बोलताना कुणी तोंड उघडलं की माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की काय होतं तेच तर सांगायला बसलेय. वीस वर्षं पोलादपूरला अंगणवाडी चालवतेय. "गप्प बसा" हे तोंडात इतकं बसलंय की झोपेतसुद्धा म्हणते, असं आमचे हे सांगतात.

तर हा घोळ सुरू केला माझ्या नणंदेने. रेश्मा तिचं नाव, मुंबईला असते. शनिवारी वीर स्टेशनला उतरली, रिक्षाने महाड, तिथून एसटीने आमच्याकडे. अजून पाण्याचा तांब्या तिच्या हातात द्यायचा होता, तर विचारते कशी, "वहिनी, तुमच्या जंगलात लेक आहे ना?"

"जंगलात कशाला असेल? माझी लेक पुण्याला शिकतेय, होस्टेलवर आहे!"

"ती लेक नाही हो! लेक म्हणजे तलाव! मी रील बघितली."

अगं मग तळं म्हण ना! जीभ झिजते का? उमरठच्या पुढे वर डोंगरात, रानात, दोन तळी आहेत. एक खालचं, एक वरचं. आमच्या लहानपणी तिथे म्हशी डुंबायच्या. आता कुणीतरी मोबाइलवर दाखवलं, आणि म्हशी गेल्या, माणसं आली. पण पाहुणी माणूस, नाही कसं म्हणणार? रविवारी जायचं ठरलं.

आता अडचण ऐका. आमचे हे महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल प्लांटला ऑपरेटर. रविवारी त्यांची दुसरी शिफ्ट, म्हणजे दुपारी तीनच्या आत गेटवर हजर. त्या महिन्यात दोनदा उशीर झाला होता आणि साहेबाने सांगून ठेवलं होतं, तिसऱ्यांदा झाला तर लेखी नोटीस. इतक्या वर्षांच्या नोकरीत ह्या माणसाला कुणी चकार शब्द बोललेलं नाही, आणि आता रिटायर व्हायच्या वेळी नोटीस? माझ्या जिवाला ते फार लागलं होतं. म्हणून सकाळीच मी बजावलं, "सेफ्टी बूट घालूनच निघा. तळ्यावरून परस्पर कामावर जायचं." कारण बूट नसले तर गेटवरूनच परत पाठवतात.

"अगो, पण रानात ते जड बूट..."

"गप्प बसा. घाला!"

घातले बिचाऱ्यांनी. मी डोळ्यांनी बघितलं. मग आम्ही दोघी रिक्षाने पुढे, हे स्कूटरवरून मागून. शेवटच्या वाडीत रिक्षा सोडली आणि आम्ही चढायला लागलो. मी कुणासाठी थांबत नाही, माहितीये ना तुम्हाला.

खालचं तळं ओलांडलं की देवाचं रान लागतं. तिथली फांदीसुद्धा कुणी तोडत नाही. हद्दीवर एक दगड आहे, तिथे पायातलं काढायचं आणि वर अनवाणी जायचं, असा नेम. मी माझ्या लाल चपला काढल्या. डावीचा अंगठा तुटला होता, तो निळ्या दोऱ्याने शिवून घेतलेला. लाल चपलेला निळा दोरा! त्या चांभाराशीही भांडले होते मी, पण शिवण पक्की होती, म्हणून वापरत होते.

वरचं तळं बघितलं आणि माझं टाळकंच सरकलं. पाणी अजून तसंच, हिरवंगार, आतपर्यंत झाडांची सावली. पण काठावर वेफर्सची पाकिटं! एका झाडाखाली पाच-सहा दांडगे मोठ्ठा स्पीकर लावून बसलेले. गेले तशीच. "देवाचं रान आहे, लग्नाचा मांडव नाही! बंद करा तो भोंगा!" त्यातला एक म्हणतो, "काकू, चिल!" चिल म्हणे! त्यांच्याच हातांनी सगळी पाकिटं गोळा करून घेतली, दुसऱ्यांनी टाकलेली पण. रेश्मा मागून ओरडतेय, "वहिनी, इकडे बघा, नॅचरल हसा!" ह्यात काय नॅचरल हसणार, कपाळ?

आमचे हे मागून आले आणि सरळ पाण्यात उतरले. तासभर पोहत होते. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना असं पोहताना बघितलं. मधूनच माझ्याकडे बघून हात हलवायचे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तेवढाच तासभर मी कुणावर ओरडले नाही.

दीड वाजला. "आवरा, तीनची शिफ्ट!" असं म्हणून मी पुढे निघाले. हे आणि रेश्मा डबे भरत होते. हद्दीच्या दगडापाशी येते तर काय? माझ्या चपला आहेत, रेश्माचे सँडल आहेत, आणखी तीन-चार जोड आहेत, आणि ह्यांचे बूट? पत्ता नाही!

माझ्या पायाखालची जमीनच सरकली हो. डोळ्यांपुढे ती नोटीस दिसायला लागली. मी तिथूनच हाळी दिली, "अहो, बूट गेले तुमचे!"

वरून झाडीतून आवाज आला, "अगो, बूट... ते मी..."

"गप्प बसा! मी बघते!"

आणि मान वळवते तर खाली वीस पावलांवर एक माणूस दगडावर बसून बुटाच्या नाड्या बांधतोय. काळे, जाड, पुढे लोखंडी टोपीचे. सेफ्टी बूट! चपला घालायचंही सुचलं नाही. तशीच अनवाणी धावले.

"काढ! काढ ते बूट!"

तो दचकून उभा राहिला. "कोणाचे बूट? ओ ताई, माजे हायत हे."

"नंबर किती?"

"आठ."

"आमच्या ह्यांचा पण आठच! आणि हा बघ, हा बघ ॲसिडचा डाग. तो पण आहे आमच्या बुटावर!"

"ताई, एमआयडीसीत डाग नसलेला बूट दाखवा मला एक!"

बघा, उलट उत्तर! तेवढ्यात मोळ्या घेऊन वाडीतल्या दोन बायका आल्या. मग काय, मला जोरच चढला. "देवाच्या दारात चोरी करतोस? शपथ घे देवाची!"

"घेतो की! चला, आता घेतो."

आता आली का पंचाईत? तो खरंच वर जायला निघाला! चोराने शपथ घेतली तर मी पुढे काय बोलणार? "खोटी शपथ घेतोस? देवाला तरी भी!" असं म्हणून मी त्याची वाट अडवली.

"अवो, मला जाऊ द्या. माजी तीनची शिफ्ट हाय."

"अस्सं? चोरांची पण शिफ्ट असते?"

मोळीवाल्या बायका हसल्या. तो लाल झाला. मी खाली वाकले, त्याचा एक पाय धरला आणि बूट ओढला. तो एका पायावर नाचायला लागला. "अवो पडेन मी! धरा, हा पण घ्या, दोन्ही घ्या, पण पाय सोडा माजा!"

"आणि मी आता खाली जाऊ कसा? सगळे काटे हायत," त्याने विचारलं.

"चोरायच्या आधी विचार करायचा!" मी म्हटलं, आणि बूट घेऊन तरातरा वर गेले. देवाच्या रानात बूट हातात घेतलेले चालतात का, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ह्यांच्यापुढे बूट आपटले. "हे घ्या! चोराच्या पायातून काढून आणलेत!"

ह्यांनी बुटांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा बुटांकडे.

"अगो, कोणाचे हे?"

"कोणाचे काय? तुमचे!"

"माजे स्कूटरच्या डिकीत हायत. खालीच काढले ना मी, चढ बघून. स्लिपर घालून आलो वर."

"मग मघाशी सांगायला काय झालं होतं?"

"तू बोलू दिलंस?"

रेश्मा डबा तोंडावर धरून हसत होती. मला इतका राग आला, इतका राग आला, पण काढायचा कुणावर? ह्यांनी बुटाची जीभ उलटून दाखवली. आत मार्करने नंबर लिहिलेला. "हा टोकन नंबर. आमच्याच प्लांटच्या कंत्राटातला माणूस हाय. त्याला बुटाशिवाय आत घेणार नायत."

म्हणजे जी भीती मला ह्यांच्यासाठी होती, ती मी आपल्या हातांनी दुसऱ्याच्या गळ्यात घातली होती! कंत्राटी माणसाला तर नोटीससुद्धा मिळत नाही, सरळ उद्यापासून येऊ नको म्हणतात. मी बूट उचलले आणि धावत सुटले. हद्दीचा दगड कधी मागे गेला कळलं नाही. खाली पोचते तर तो मोटारसायकलवरून गेलेला!

रेश्माला रिक्षात घातलं, मी ह्यांच्या मागे स्कूटरवर, मांडीवर बूट. पूर्ण हायवेभर मी देवाला म्हणत होते, पोचू दे रे बाबा वेळेत.

तीनला दहा कमी. गेटवर दुसऱ्या शिफ्टची ही गर्दी, पाचशे काळे बूट. मी उतरले आणि डांबर असं चटकन भाजलं. तेव्हा कुठे कळलं, आपण अनवाणी आहोत! पण ते नंतर बघू म्हटलं.

कारण तो समोरच होता. गेटवरच्या वॉचमनला हात जोडत होता. वॉचमन त्याच्या पायांकडे बोट दाखवून नाही नाही म्हणत होता, आणि सगळी शिफ्ट खी-खी हसत होती. पायात बायकांच्या चपला!

मी बूट पुढे धरून "अहो दादा" म्हणतेय तोच त्याने मला बघितलं. आणि काय सांगू, तो गडी चक्क वॉचमनच्या मागे लपला!

"ओ ताई, आता ह्या पण तुमच्याच म्हणाल!"

पूर्ण गेट हसलं. मी खाली बघितलं. लाल चपला. डाव्या अंगठ्याला निळा दोरा.

आता तुम्हीच सांगा, काय बोलणार होते मी?

"नाही हो दादा," मी म्हटलं, "माझ्या कशाला असतील? चुकलं माझं. हे घ्या तुमचे बूट."

त्याने खाली बसून भराभर बूट चढवले. चांगला माणूस हो, एक शब्द वाकडा बोलला नाही. उलट चपला उचलून पिशवीत नीट ठेवल्या. "दगडापाशी होत्या, काट्यातून यायला घातल्या. उद्या पयल्यांदा नेऊन ठेवतो. शिवलेल्या हायत, कुना गरीब बाईच्या असतील. आनि तुमच्यासारखी असंल तर जीवच घ्यायची माजा!"

माझ्या शेजारी आमचे हे उभे. त्यांनी पिशवीकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगो, पण ह्या तर तुज्या..."

"तुम्ही गप्प बसा!"