खरा कागद चालत येतो

कुठलाही कागद हातात आला की बेलिफकाका तो आधी उलटा करायचे. मागची कोरी बाजू निरखायचे, बोटानं कडा चाचपायचे आणि मग विचारायचे, "कोणी आणला?"

पुढच्या बाजूला काय लिहिलंय, ते सगळ्यात शेवटी.

औरंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्यांचं खरं नाव कुणी घेत नव्हतं. कोर्टाची समन्सं घरोघरी पोचवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, म्हणून सगळे बेलिफकाकाच म्हणायचे. निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी पाच वाजता ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दाराबाहेर लोखंडी खुर्चीवर बसायचे. अजून कुणाच्या तरी घरी जायचं बाकी आहे, असं त्यांच्या बसण्यात असायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या, त्याही भाड्याच्या. समोरच्या घरात माडीवर आम्ही कॉलेजची तिघं मुलं राहायचो. मी पिशोरचा, म्हणून ते मला गावाच्याच नावानं हाक मारायचे.

"काय पिशोर, जेवलास का?"

मी "हो" म्हणायचो. बऱ्याचदा जेवलेलो नसायचो. ते आत जायचे आणि भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घेऊन यायचे.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल किंवा असून गेला असेल. आपण रोज त्याच्यासमोरून जातो आणि त्याच्याकडे नीट बघायचं राहून जातं. मीही वर्षभर तसाच जात होतो. मग ती पत्रं आली.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्या वर्षी आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पोटाचं ऑपरेशन इथल्या खाजगी दवाखान्यात झालं. आमची मोटरसायकल शेजारच्या पैसे घेणाऱ्या पार्किंगमध्ये उभी असायची. तिथं नऊ दिवसांचा पास काढला. त्याचा फॉर्म मी भरला, माझ्या खोलीचा पत्ता दिला आणि खाली इंग्रजीत सही केली. इतक्या काळजीतही त्या सहीचा थोडा आनंद झाला होता, हे कबूल करतो. आबांना मात्र अकराव्या दिवशी सोडलं. त्या धांदलीत वरच्या दोन दिवसांचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

चार महिन्यांनी पहिलं पत्र आलं, पंधरा दिवसांनी दुसरं, मग तिसरं. पाठवणारी कुठली तरी वसुली कंपनी होती. वर तराजूचं चित्र, लाल अक्षरात 'अंतिम सूचना'. त्या दोन दिवसांच्या पार्किंगची रक्कम दरवेळी वाढत सात हजार आठशेवर गेली होती. खाली लिहिलं होतं, कायदेशीर कारवाई, जप्ती, वसुली अधिकारी आपल्या निवासस्थानी भेट देतील, आपल्या शिक्षणसंस्थेस कळविण्यात येईल.

शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. आबांना फोन केला, तर ते म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं? तू शिकलेला हायस, तूच बघ." घरातला शिकलेला मी होतो, आणि मला त्या कागदातली नुसती भीती वाचता येत होती. पत्रं गादीखाली ठेवली. चुलतभावानं वाळूजच्या एका कंपनीत ठेकेदाराशी बोलून ठेवलं होतं. कॉलेज सोडायचं, कामाला लागायचं, पैसे भरून टाकायचे, असं मी ठरवलं. कॉलेजला कळायच्या आत आपणच निघालेलं बरं, असंही वाटत होतं.

"पिशोर, इकडं ये," एका संध्याकाळी काकांनी बोलावलं. "तीन दिस झाले, कॉलेजला गेला नाहीस."

मी पत्रं आणून दिली. त्यांनी तिन्ही उलटी केली.

"कोणी आणली?"

"कुरिअरवाल्यानं. दाराखालून सरकवली."

"तुझं नाव मोठ्यानं वाचलं का? सही घेतली?"

"नाही."

"बरं, दावा नंबर दाखव. कोर्टाचा शिक्का दाखव. कुठल्या तारखेला हजर राहायचं ते दाखव."

मी तिन्ही कागद वरपासून खालपर्यंत पाहिले. काहीच नव्हतं. मी तराजूवर बोट ठेवलं. "हा कोर्टाचा ना?"

"हा छापखान्याचा," काका म्हणाले. "हे बघ, खरा कागद चालत येतो. पोस्टानं आला तरी त्याच्यावर नंबर असतो, शिक्का असतो, कुणापुढं उभं राहायचं ते असतं. ह्याच्यात नुसता आवाज हाय. ह्या लोकांना जप्ती करता येत नाय. त्याला कोर्टाचा हुकूम लागतो, आणि हे अजून कोर्टात गेलेच नाहीत."

"मग फाडून टाकू?"

"कागद कुणाचाच फाडायचा नाय. उत्तर द्यायचं. आणि दोन दिस गाडी उभी होती ना? तेवढं देऊन यायचं."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर पार्किंगवर आले. तिथला माणूस वैतागला. "चाचा, मेरे कू क्या मालूम? लेटर तो ऊपर से आते."

"वरून म्हणजे? अल्लामियाँ भेजते क्या?" काकांनी विचारलं. तो हसायला लागला. मग काकांनी त्यालाच दरफलक मोठ्यानं वाचायला लावला. दिवसाला वीस रुपये. मी चाळीस रुपये दिले आणि तारखेसह पावती घेतली.

उत्तर मात्र त्यांनी लिहून दिलं नाही. "मी कागद पोचवणारा, लिहिणारा नाय. तू लिही." मी दोन पानं लिहिली. त्यात चार ठिकाणी माफी मागितली होती. त्यांनी माझंच पेन घेऊन चारही ठिकाणी काट मारली. "चूक किती? चाळीस रुपयांची. ती भरली. आता माफी कशापायी? शिल्लक ठेव, पुढं लागंल." शेवटी पाच ओळी उरल्या. बाकी मागणी मान्य नाही, ती कशाच्या आधारावर करता ते दाखवा, पावतीची प्रत सोबत जोडली आहे. रजिस्टर पोस्टानं पाठवलं. त्यानंतर आणखी एक पत्र आलं, आधीच्यापेक्षा लाल. मग काही आलं नाही. वाळूजला मी गेलो नाही.

त्या दिवसांपासून मी रोज संध्याकाळी त्यांच्या पायरीवर बसू लागलो. ते जुन्या फेऱ्यांचं सांगायचे. त्यांना बघून लोक कसे कणगीमागं लपायचे. एका लग्नात नवरदेवाच्या बापासाठी समन्स होतं, तर अक्षता पडेपर्यंत ते मांडवाबाहेर उन्हात कसे थांबले होते. त्यांचा एक नेम होता. ज्या घरी समन्स न्यायचं, तिथं पाणी प्यायचं नाही.

"का?"

"त्याच्या घरात वाईट कागद द्यायचा आणि वर त्याचंच पाणी प्यायचं? घशाखाली उतरत नाय, पिशोर."

मी शेवटच्या वर्षाला असताना, एका सकाळी गल्लीत एक तरुण मुलगा घरांचे नंबर बघत आला. हातात कागद होता. काकांच्या दारापाशी थांबला आणि घुटमळला. काकांनी लांबूनच कोर्टाचा माणूस ओळखला असावा.

"नाव वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं. मग विचार, माणूस तोच का."

त्यानं नाव वाचलं. इतक्या दिवसांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. काकांनी कागद घेतला, उलटा केला, कडा चाचपली आणि सही केली.

"पाणी देऊ का?"

"नको काका."

काकांनी मान हलवली. "कुणीतरी नीट शिकवलंय."

घरमालकाच्या मुलानं खोल्या रिकाम्या करून मागितल्या होत्या. मी तावातावानं म्हणालो, "काका, उत्तर देऊ. मी लिहितो. इतक्या वर्षांचं भाडं भरलंय तुम्ही, असं कसं काढतील?"

ते कागद घडी घालत होते. "हा खरा हाय, पिशोर. थोरल्या मालकाला मी शब्द दिला होता, पोराला जागा लागली की सोडीन. नुसता तोंडी, पण दिला होता. आणि तीस वर्षं लोकांना सांगितलं, लपू नका, तारखेला या. आता मी लपू?"

तारखेला ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दोन महिन्यांची मुदत मागून आले. कशाला, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "सामान आवरायला." त्यांचं सामान म्हणजे एक ट्रंक, एक खाट, चार भांडी आणि ती खुर्ची. माझी परीक्षा बरोबर दोन महिन्यांनी संपत होती. त्या दोन महिन्यांत माझी एकही संध्याकाळ उपाशी गेली नाही. या दोन गोष्टी मी तेव्हा एकमेकींशी जोडून पाहिल्या नाहीत.

शेवटच्या पेपराच्या दुसऱ्या दिवशी ते पैठणच्या एसटीत बसले, बहिणीकडे जायला. खुर्ची मला दिली. खिडकीतून म्हणाले, "निकाल लागला की कागद आण. बघू खरा हाय का."

निकाल लागला. त्यांचा फोन साधा होता, फोटो पाठवायची सोय नव्हती. मार्कशीटची प्रत पोस्टानं पाठवता आली असती, पण मला ती हातानं न्यायची होती. मग एका दुकानात काम मिळालं, रविवारचीही सुट्टी नसायची. या महिन्यात नाही तर पुढच्या महिन्यात, असं करत राहिलो.

शेवटी एकदाचा गेलो, तेव्हा पैठणला उतरून मी स्टँडपासून विचारत विचारत चालत गेलो. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. नाकडोळे अगदी काकांचे.

"तू पिशोर का?" त्या म्हणाल्या. "तो गेला रे. महिना झाला."

त्यांनी मला आत बसवलं, तांब्या पुढं केला. मी आणलेला कागद वाईट नव्हता, म्हणून मी पाणी प्यालो. मग पिशवीतून मार्कशीट काढून त्यांच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती आधी उलटी केली, कडेवरून बोट फिरवलं.

"कोणी आणला?"

"मीच," मी म्हणालो. "चालत."