माझ्या जागी शमीम

विजया गेल्याचं मला शमीमनं सांगितलं. सकाळी साडेआठची वेळ. मी गॅसपाशी उभी राहून दुधाकडं बघत होते, फोनवर शमीमचं नाव दिसलं, तेव्हा वाटलं, ब्लाऊज शिवून झाले असतील. "मॅडम, विजूआपा गेल्या..." ती म्हणाली आणि मग तुटक तुटक पुढचं सांगितलं. लातूरला, स्वतःच्या खानावळीत, पोळ्या लाटणाऱ्या बायकांना कणीक काढून देता देता विजया खाली बसली ती उठलीच नाही. अशा वेळी माणसाच्या मनात पहिल्यांदा काय यावं? माझ्या मनात जे आलं ते लिहायची लाज वाटते. पण खोटंच लिहायचं तर विजयाबद्दल लिहूच कशाला? माझ्या मनात आलं, हिला आधी कसं कळलं? चाळीस वर्षांची मैत्रीण मी, आणि विजयाच्या मुलानं फोन केला तो शमीमला. तेवढ्यात दूध उतू गेलं. ओटा पुसायला लागले तेव्हा कुठं रडू आलं.

आम्ही दोघी एकाच गाडीनं लातूरला निघालो. लोहा आलं तशी शमीम तोंडावर पदर घेऊन रडायला लागली, कारण विजयाचं माहेर तिथून जवळच. मी शेजारी बसून, खरं सांगते, ही माझ्यापेक्षा जास्त रडतेय का ते बघत होते. खानावळीत पोचलो. क्लासला आलेल्या, विजयाकडं जेवणाऱ्या पोरी जिन्यावर ओळीनं बसल्या होत्या. त्यातल्या दोघी उठून थेट शमीमच्या गळ्यात पडल्या. विजयाचा मुलगा महेश मला म्हणाला, "नंदामावशी, बसा," आणि खुर्ची पुढं केली. मग शमीमकडं वळून हळूच म्हणाला, "शमीममावशी, मायच्या कपाटाची चावी कुठं असती वो?" आणि शमीम आत गेली, पिठाच्या डब्यामागं हात घातला आणि चावी काढून दिली. मला खुर्ची मिळाली, तिला घर मिळालं. पाण्याचा पेला हातात घेऊन मी त्या खुर्चीत तासभर पाहुण्यासारखी बसून होते.

विजयाला मी ओळखायला लागले ती नांदेडच्या कॉलेजच्या मैदानावर. लोह्याजवळच्या खेड्यातून आलेली ही पोरगी पावणेसहा फूट उंच. तिच्या गावात त्या उंचीला नवरा मिळेना, पण आमच्या सरांनी तिला बघताक्षणी रिंगखाली उभं केलं. मी बुटकी, चपळ आणि आगाऊ. बॉल घेऊन पळायचं काम माझं. मी बघायचेही नाही, नुसता बॉल वर भिरकावायचा, तिथं विजयाचे हात असायचेच. आमच्या संघाचे ड्रेस नांदेडातल्याच एका शिंपी मास्तरांनी शिवले होते. त्यांना वाटलं बारा पोरी, म्हणजे एक ते बारा आकडे. स्पर्धेला गेलो तर पंच म्हणतात, बास्केटबॉलमध्ये आकडे चारपासून पंधरापर्यंत. एक, दोन, तीन चालत नाहीत. मग मास्तरांची मुलगी, जी हट्टानं आमच्याबरोबर मॅच बघायला आली होती, ती सुई-दोरा घेऊन पायरीवर बसली आणि माझ्या पाठीवरच्या तीनच्या आधी एक वाकडातिकडा एक्का टाचून तिनं माझा तेरा केला. ती पोरगी म्हणजे शमीम. तेव्हा ती मला कुणीच वाटली नव्हती.

पुढं लग्नं झाली. मी नांदेडातच शाळेत भूगोल शिकवायला लागले, शमीम तिथंच वडिलांच्या मशीनवर बसली. विजया लातूरला पडली, नवरा लवकर गेला, आणि पदर खोचून तिनं मुलींची खानावळ काढली. पोरं मोठी होईपर्यंत बास्केटबॉल आमच्या दोघींच्या आयुष्यातून असा नाहीसा झाला होता की मैदानाजवळून जातानाही मान वळत नव्हती. मग आठ-नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी तिचा फोन. "नंदे, आपल्या देशात पैसे घेऊन खेळणाऱ्या टीमा निघाल्यात म्हनं, क्रिकेटवानी! हैदराबादची बी हाय. चल की, जाऊ." मी म्हटलं, अगं, मॅच कुठं आहे ते तरी नीट बघ. तर म्हणते, "हैदराबादची टीम हैदराबादात न्हाई तर काय उमरीत खेळन का?"

पन्नाशी ओलांडलेल्या आम्ही दोघी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून हैदराबादला गेलो. स्टेडियमचं फाटक अर्धं उघडं, आत लहान मुलांचं कराटे चाललेलं. राखणदार आमच्याकडं बघून म्हणाला, "कायकी मॅच अम्मा? टीम तो चेन्नई में खेलरी!" त्या वर्षी सगळ्या गावांच्या टीमा एकाच गावात खेळत होत्या, टीमचं नाव कुठलंही असो. हे आम्हा दोघी शहाण्यांना कुठून ठाऊक? मी कपाळावर हात मारला. विजया मात्र पायरीवर बसली, धपाट्यांचं फडकं सोडलं आणि आवारातल्या गंजक्या रिंगकडं बघत न झालेल्या मॅचचं धावतं वर्णन सुरू केलं. कोण कुणाला बॉल देतोय, कोण पडला, पंच कसा आंधळा आहे... आणि शेवटच्या सेकंदाला नंदानं बॉल वर फेकला आणि विजयानं आत घातला! कराटेची पोरं खेळ सोडून आमच्याकडं बघत होती. मी इतकी हसले की चटणी नाकात गेली. विजयाबरोबर मॅच बघायला मी केलेला हा एकुलता एक प्रवास, आणि त्यात मॅचच नव्हती.

पुढच्या वर्षी तिनं नीट चौकशी करून चेन्नईची तिकिटं काढली आणि नेमकं माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण त्याच आठवड्यात आलं. विजया म्हणाली, मग रद्दच करते. मी म्हटलं, नको, कुणाला तरी घेऊन जा... शमीमला ने. आता हे नाव मी का सुचवलं? सगळ्यांना सांगत आले की बिचारी बाई, दिवसभर मशीनवर वाकलेली, नवराही राहिला नाही, तेवढाच तिला बदल. खोटं आहे ते. शमीमला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. चार वाक्यांच्या वर ती बोलायची नाही. जिच्या संगतीत विजयाला मुळीच करमणार नाही, दर पाच मिनिटांनी माझी आठवण येईल, अशी बाई मी निवडून पाठवली होती. जागा राखायला आपण गाडीतल्या बाकावर रुमाल टाकतो ना, तसं.

आणि चेन्नईहून विजयाचा फोन आला. "अगं नंदे, शमीम लई भारी बाई हाय! पैल्या क्वार्टरला मला इचारती, आपा, हे बॉल खाली का आपटायलेत? आन् चौथ्या क्वार्टरला पंचाला शिव्या देऊन राहिली! मागचे लोक उठून बघायलेत आमाला." मी मांडीवर नातवाला थोपटत "हो का, हो का" म्हणत राहिले. माझ्या डोक्यात एकच शब्द राहिला होता, आपा. थोरली बहीण. मी मॅडम, आणि विजया दोन दिवसांत आपा.

त्यानंतरच्या वर्षी मी मोकळी होते. बॅग मनातल्या मनात भरूनही झाली होती. विजया म्हणाली, "शमीम तर येनारच हाय. तू बी ये, तिघी जाऊ." तिघी! मी हसत हसत म्हटलं, "तीन तिघाडा, काम बिघाडा. तुम्हीच जा." तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. मी अगदी मनापासून बोलत होते. माझी जागा मला रिकामी करून हवी होती, शेजारी सरकून दिलेली नको होती. मग त्या अहमदाबादला गेल्या, बंगळूरला गेल्या, कोचीला जाऊन आल्या. दर खेपेला शमीम आधी चार दिवस लातूरला खानावळीत मुक्कामाला असायची. कधी लीग बंद पडायची, वर्षभर काहीच नसायचं, आणि मी लोकांना दाखवायला हळहळायचे, मनातून मात्र गार वाटायचं. मग नव्या नावानं ती पुन्हा सुरू व्हायची आणि पुन्हा फोन... "येतीस का, नंदे?" आणि मी काहीतरी कारण सांगायचे. गुडघा, पाहुणे, शाळेची तपासणी. निवृत्त झाल्यावरही एकदा मी शाळेची तपासणी सांगितली.

पण काय काय झालं हे कळल्याशिवाय तर राहवत नसे. मग मी ब्लाऊज शिवायला टाकायचे. त्या परत आल्या की आठवड्याच्या आत माझं एक कापड शमीमच्या दुकानात पोचलेलं असायचं. ती खांद्याचं माप घेताना मी सहज विचारल्यासारखं विचारायचे, "मग, कशी झाली मॅच?" ती तोंडातल्या टाचण्या काढून ठेवायची आणि सांगत बसायची. आपांनी स्टेडियमबाहेर कुण्या अनोळखी पोरांना धपाटे खायला घातले, आपा हरलेल्या टीमच्या गाडीमागं टाळ्या वाजवत गेल्या, आपा गाडीत वरच्या बर्थवर चढताना अडकल्या... माझ्या कपाटात आजही अंगाला न लावलेले कितीतरी ब्लाऊज आहेत. मॅच मोबाइलवर दिसायची तेव्हा मी दार लावून बघायचे. खेळाकडं माझं लक्ष नसायचंच. प्रेक्षकांवरून कॅमेरा फिरला की मी त्या गर्दीत एक उंच पांढरं डोकं आणि त्याच्या शेजारचं डोकं शोधायचे. दोन डोकी जवळजवळ दिसली की मोबाइल पालथा घालायचा आणि मिनिटभरानं पुन्हा उलथा करायचा.

गेल्या वर्षी तिनं विचारलं आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, "दरवर्षी उपकार केल्यासारखं मला विचारत जाऊ नकोस. आहे ना तुझी शमीम." खानावळीत कुणीतरी ताटं धुवत होतं, त्याचा आवाज फोनवर येत होता. मग ती म्हणाली, "बरं. न्हाई इचारनार." 'शमीमला ने' हे सोडलं तर चाळीस वर्षांत विजयानं माझं एकही ऐकलेलं मला आठवत नाही. हे मात्र तिनं ऐकलं.

यंदाचा हंगाम सुरू झाला, फोन आला नाही. मी आठ दिवस वाट बघितली, पंधरा दिवस बघितली. शेवटी मीच केला आणि विचारलं काय, तर यंदा तूरडाळ चांगली कुठल्या मिलची घ्यावी! लातूरच्या बाईला डाळीचं विचारल्यावर काय, दहा मिनिटं ती सांगत होती. कुठली शिजते, कुठली पाणी सोडते. बास्केटबॉलचा एक शब्द नाही. मी नुसती वाट बघत होते की आता विचारेल, आता विचारेल. तिनं एकदा विचारलं असतं तर मी हो म्हणणार होते, तिघी तर तिघी. शेवटी ती म्हणाली, "आनखी काय, नंदे?" मी म्हटलं, "काही नाही." आमचं शेवटचं बोलणं हेच.

विजया गेल्यावर वीस-बावीस दिवसांनी शमीम माझ्या दारात आली. हातात ब्लाऊजची पिशवी नव्हती, तिकिटांचे कागद होते. "पुण्याची दोन काढली होती, मॅडम. एक आपांचं हाय. तुमी चला." सवयीनं मी नाहीच म्हटलं. वर असंही म्हटलं, "म्हणजे आता मी तिच्या बदली येऊ का?" शमीम शांतपणे म्हणाली, "हौ. तवा मी न्हाई का गेले तुमच्या बदली?" मी तिच्या हातातले कागद घेतले.

आम्ही दुपारच्या मॅचला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी पैसे घेऊन खेळणारे खेळाडू डोळ्यांसमोर बघत होते, आणि खेळ इतका वेगवान की बॉल कुठं गेला ते कळेना. आमच्या वेळी बॉल टाकायला तीस सेकंद असायचे, आता चोवीस. मध्येच घड्याळ चौदावर आलं. मी बघत राहिले तर शमीम म्हणते, "रिंगला लागून बॉल परत त्यांच्याच हाती आला की चौदाच देतात, मॅडम." जिचं नाव मी ओ की ठो कळत नाही म्हणून सुचवलं होतं, ती मला बास्केटबॉल शिकवत होती. "आता बघा, ह्यो लांबचा पोरगा टाकन," ती म्हणायची आणि तो टाकायचा. हे सगळं तिला विजयानं शेजारी बसवून, कानाशी लागून सांगितलेलं. मला तिचा इतका राग आला की उठून जावंसं वाटलं.

चौथा क्वार्टर सुरू व्हायच्या आधी शमीमनं डाव्या हातातल्या काचेच्या बांगड्या, नवऱ्यामागंही तिनं त्या सोडल्या नव्हत्या, एकेक करून उतरवल्या आणि रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवल्या. उजव्या हातातल्या तशाच. मी विचारलं, हे काय? ती ओशाळली. "सवय झाली, मॅडम. फ्री थ्रो लागला की आपांना बघवायचं न्हाई. डोळे मिटून माझं मनगट धरायच्या. चेन्नईला पैल्या खेपेलाच दोन बांगड्या फुटल्या, रगत आलं. तवापासून शेवटच्या क्वार्टरला मी काढूनच ठेवते." कॉलेजात विजया माझ्यासमोर शंभर वेळा फ्री थ्रोच्या, म्हणजे फाऊल झाल्यावर एकटीनं बॉल टाकायच्या, रेषेवर उभी राहिली असेल. तिला भीती वाटते हे मला कधीच कळलं नव्हतं.

दोनेक मिनिटं उरली होती, गुण बरोबरीत, आणि शिट्टी वाजली. एक उंच, सडपातळ पोरगा रेषेवर येऊन उभा राहिला. त्यानं बॉल दोनदा आपटला. शमीमचा मोकळा हात आमच्या दोघींच्या मध्ये खुर्चीच्या दांडीवर होता. मी तो धरला. गच्च धरला, नखं रुतली असतील. तिला दुखावं असंही मला वाटत होतं... ते लपवण्यात आता काही अर्थ नाही. शमीमनं हात काढून घेतला नाही. समोर बघत बघतच दुसऱ्या हातानं तिनं माझी बोटं उचलली आणि मनगटावर जराशी वर सरकवली.

"आपा इथं धरायच्या," ती म्हणाली.