मावसाजींनी लावलेला कौल

गोंदिया जिल्ह्यातली निम्मी घरं पावसाळ्यात कोरडी राहतात ती माझ्या मावसाजींमुळे, आणि उरलेली निम्मी गळतात ती मावसाजींचं ऐकलं नाही म्हणून. हे माझं मत नाही, त्यांचंच आहे. माझ्या मावशीचे हे यजमान सडक अर्जुनीला हायवेवर टिनाच्या पत्र्यांचं दुकान चालवतात. कोणाकडेही गेले की आधी छताकडे बघणार, मग माणसांकडे. एकदा आम्ही एका मयताच्या घरी बसायला गेलो. सगळे माना खाली घालून बसलेले आणि हे एकटे वर बघताहेत. निघताना घरधन्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होनारं टळत नाही, भाऊ. पन हे छप्पर एक पावसाळा बी नाही काढनार." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. महिन्याभराने त्याच घरच्यांनी पत्रे मात्र मावसाजींकडूनच नेले.

त्यांचं खरं वैर कवेलूंशी. माकडं नाचली की फुटणारी, दरवर्षी शाकारावी लागणारी ही मातीची खापरं अर्ध्या तालुक्याच्या घरांवरून यांनी उतरवली. एकुलती एक मुलगी कोकणात दिली, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, तेव्हा लोक फ्रिज देतात तसं यांनी आंदणात अख्खं छप्पर दिलं. ट्रकभर जाड पत्रे. पाठवण्याआधी व्याह्यांना फोन करून विचारलं, "समुद्राची पार कोन्या बाजूले हाये? घर पारीच्या आत येते का बाहेर?" मावसाजी तलाव बांधणाऱ्यांच्या कुळातले, एवढं पाणी आणि त्याला पार, म्हणजे मातीचा बांध, नाही, हे त्यांना पटावं कसं? व्याही म्हणाले, पार नाही, पण वारा खारा आहे. "वाऱ्यानं पत्र्याले काय होते?" म्हणून यांनी ट्रक रवाना केला.

तिसऱ्या वर्षी जावयाच्या तोंडून निघून गेलं. आधी स्क्रू गंजले, मग स्क्रूभोवतीचा पत्रा, आणि आता पावसात घरभर भांडी मांडावी लागतात. मावसाजी त्या दिवशी जेवले नाहीत. पोरीला दिलेलं छप्पर गळतं, आणि दर रविवारी फोनवर "सारं बरं हाये" म्हणणारी पोर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, हे त्यांना गिळवेना. आता दुसऱ्यांदा चूक व्हायला नको म्हणून त्यांनी अंगणात मिठाच्या पाण्याची मडकी मांडली आणि साधा पत्रा, रंगीत पत्रा, अॅल्युमिनियम, सगळ्यांचे तुकडे त्यांत बुडवले. रोज सकाळी चहाच्या आधी ते काढून नखाने खरवडून बघायचे. मावशी म्हणाली, "भाजीले मीठ नाही राह्यलं घरात, अन् हे पत्र्याचं लोनचं घालून राह्यले."

शेवटी व्याह्यांनीच फोन केला. "कशाला डोकं शिणवताय? सरळ कौलं लावू, इथे सगळे तेच करतात." आमच्याकडे कौल हा शब्द एक तर निवडणुकीत ऐकू येतो, नाहीतर देवाच्या दारात. मावसाजी मला म्हणाले, "तिकडं देवाले विचारून छप्पर टाकतेत म्हने. रीत हाये त्यांची, पाळा लागते." मला स्कूटर काढायला लावली आणि आम्ही नागऱ्याच्या महादेवाला गेलो. तीन पत्र्यांच्या तीन चिठ्ठ्या पिंडीसमोर टाकल्या. अॅल्युमिनियम निघालं. दुकानात परत येऊन त्यांनी फोन लावला, स्पीकरवर, आणि मोठ्या आदराने सांगितलं, "कौल लावला, व्याहीबुवा. महादेवानं अॅल्युमिनियम सांगितलं."

पलीकडे व्याह्यांच्या मागून मुलीचं हसू फुटलं. "अजी बाबा, कौलं म्हणजे आपले कवेलू."

मावसाजीही हसले, पण लगेच थांबले. "तू मले गळतीचं काऊन नाही सांगितलं, बाई?"

"सांगून काय करू, बाबा? तुमच्या पत्र्याले कोनी नाव ठेवलं असतं तर मले नसतं खपलं. दरवर्षी मीच वर चढून रंग मारत होती."

मावसाजींनी चष्मा काढला आणि ते बराच वेळ उपरण्याने पुसत राहिले. मी उगाच एका पत्र्याची किंमत विचारली. मला फार वाईट वाटलं.

कौलं चढली तेव्हा आम्ही दोघंही कोकणात गेलो. मावसाजींनी प्रत्येक कौल बोटाने टिचकी मारून पाहिलं आणि आवाज पटला तरच वर दिलं. परतीच्या गाडीत एवढंच म्हणाले, "मातीले जंग नाही लागत, बावा. मानलं."

धंदा अजून टिनाचाच आहे, तोराही तोच आहे. पण रविवारी मुलीला फोन लावला की मावसाजी आता 'सारं बरं हाये ना' असं विचारत नाहीत. विचारतात, "काय गळून राह्यलं, ते सांग." परवा ती अर्धा तास सांगत होती, आणि गिऱ्हाईक दारात उभं ठेवून मावसाजी नुसतं ऐकत होते.