हाताला गुण

निवृत्त झाल्यावर पहिल्याच रविवारी मला एक शोध लागला. आमच्या चर्चमधल्या तिसऱ्या बाकाचा एक पाय आखूड आहे. त्या बाकावर बसणारं कुटुंब नऊ वर्षं माझ्या उपदेशात सारखं चुळबुळ करायचं आणि मी नऊ वर्षं त्यांच्या श्रद्धेबद्दल शंका घेत आलो होतो. दोष बाकाचा होता. मी कागदाची घडी करून पायाखाली सारली. पुढच्या रविवारी ते कुटुंब अगदी शांत बसलं. उपदेश नव्या पाळकांचा होता, हे मला जरा लागलं.

बीड जिल्ह्यातल्या ज्या लहान गावात मेथडिस्ट पाळक म्हणून माझी पहिली नेमणूक झाली, तिथेच फिरून फिरून शेवटची बदली झाली. निवृत्तीबरोबर पाळकांचा बंगला सोडावा लागतो. माझी बायको इथल्या शाळेत शिक्षिका होती आणि माझ्यापेक्षा शहाणी, म्हणून तिने गावाच्या कडेला दोन खोल्या बांधून घेतल्या होत्या. चाळीस वर्षं मी समोर उभा राहून लोकांकडे पाहिलं होतं. आता लोकांत बसून समोर काय दिसतं ते पाहायचं होतं, आणि त्याचं मला फार कुतूहल होतं. बडीशेपेची पुडी कोण कुणाकडे सरकवतं, कोणत्या वाक्याला घड्याळं बघितली जातात, डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्यांपैकी कितीजण खरंच डोळे मिटतात, हे सगळं मला पहिल्यांदाच कळत होतं. शेवटच्या गीताला तर माझ्यावर वेगळाच प्रसंग आला. पाय आपोआप उठले, दाराशी गेले आणि मी नेहमीसारखा उंबऱ्यावर उभा राहिलो. लोकही सवयीने रांगेत आले आणि माझ्याशी हस्तांदोलन करून बाहेर पडले. रांगेत सर्वांत शेवटी नवे पाळक होते. त्यांनीही माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सर, छान झाली उपासना."

आमच्यात रीत अशी की निवृत्त पाळकाने आपल्या जुन्या मंडळीत बोलावल्याशिवाय काही करायचं नाही. बाप्तिस्मा नाही, लग्न नाही, दफन नाही, प्रभुभोजन नाही. पण नवे पाळक भले माणूस. वय तिशीच्या आतबाहेर, सोलापूरकडचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षरस वाटतात, तेव्हा मान म्हणून त्यांनी मला पुढे बोलावलं. वेदीपुढे लोक गुडघे टेकतात त्या कठड्याच्या डाव्या बाजूला त्यांनी भाकर आणि प्याला द्यायचा, उजव्या बाजूला मी. लोक सगळे उजवीकडे आले. डावीकडे तिघंचौघं. मी खाली मान घालून वाटत राहिलो, पण मनात लाडू फुटत होते, ते खोटं कशाला सांगू. पुढच्या महिन्यातही तसंच झालं. त्याच्या पुढच्याही. मी कुणाला डावीकडे जा म्हणालो नाही.

लोक उजवीकडे का येतात ते मला ठाऊक होतं. माझ्या हाताला गुण आहे, असं या भागात बोललं जायचं. त्याचं मूळ माझ्या पहिल्या नेमणुकीत होतं. त्या काळी नाताळात निम्मी मंडळी ऊसतोडीला गेलेली असायची, म्हणून नाताळच आम्ही त्यांच्याकडे घेऊन जायचो. असाच एकदा मी आणि बायको साखर कारखान्याजवळच्या उसाच्या फडावर गेलो. मजुरांच्या पाचटाच्या झोपड्यांपुढे, कोप्यांपुढे, सकाळीच उपासना झाली. पाव नव्हता, म्हणून ज्वारीची भाकरी मोडून प्रभुभोजन दिलं. तिथे नांदूरघाटच्या बाजूची एक बाई होती, तिची लहान मुलगी तापाने फणफणली होती. मी मुलीच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. संध्याकाळी ताप उतरला आणि टोळीभर बोभाटा झाला की पाळकसायबाच्या हाताला गुण हाय.

बायकोने त्या मुलीसाठी आपल्या पिशवीतली तापाची गोळी दिली होती. हे मी चाळीस वर्षांत एकदाही व्यासपीठावरून सांगितलं नाही. देव बरं करतो, माणसाचा हात नव्हे, यावर मात्र पुष्कळ उपदेश केले.

तीच बाई आता अंथरुणाला खिळली होती. वय ऐंशीच्या पुढे असेल. नवे पाळक प्रभुभोजनाची छोटी पेटी घेऊन दोनदा तिच्या गावी गेले आणि दोन्ही वेळा तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग तिच्या सुनेचा मला फोन आला. "लई दिवस न्हाई ऱ्हायले. तुमी गुपचूप येऊन जा की. त्यांना सांगू नगा."

मी कपडेही बदलले होते. बायको म्हणाली की गुपचूप गेलात तर गावाला संध्याकाळपर्यंत कळेल, आणि त्या पोराची उरलेली डावी बाजूही रिकामी होईल. तिचं म्हणणं खरं होतं. मी चालत बंगल्यावर गेलो आणि नव्या पाळकांना फोनबद्दल सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी पेटी काढली, माझ्या हातात दिली, आणि माझी परवानगी आहे, तुम्हीच द्या, म्हणाले. त्यांच्याच मोटारसायकलवर मागे बसून, पेटी मांडीवर धरून मी गेलो.

म्हातारी पार सुकली होती, पण मला बघून तोंडभर हसली. "आलात? आता गुण येईल." सून दाराशी पदर सावरून उभी राहिली. मी खाटेजवळ जमिनीवर बसलो, पेटी उघडली, पावाचा तुकडा ताटलीत ठेवला. वर पाहिलं तर नवे पाळक दाराकडे तोंड करून उभे होते. खांद्यावरची पिशवी अजून उतरवली नव्हती. मला एकदम वाटलं, उद्या मी गेलो की या घरात कोण येणार आहे? हाच माणूस. आणि त्याच्या हातून काही घ्यायचं नसतं, हे मी न बोलता तीन महिने सगळ्यांना शिकवत होतो. लाज वाटली मला.

"मावशी," मी म्हणालो, "फडावर तुमच्या लेकीचा ताप उतरला ना, तो माझ्या हाताचा गुण नव्हता. माझ्या बायकोने गोळी दिली होती."

"ठावं हाय की," म्हातारी म्हणाली. "गोळी मीच भरवली तिला. थुकत व्हती, गुळासंगं दिली."

मग इतकी वर्षं गुण गुण कशाला म्हणत होतात, असं मी विचारलं.

"तुमी त्या दिशी बसला व्हता. सकाळपासनं माज्या कोपीत, तिच्या उशाशी. लोकांनी जेवाया हाका मारल्या तरी उठला न्हाईत." तिने मान वळवून दाराकडे पाहिलं. "हे दोन बारी आले. दोनी बारी उभेच."

चाळीस वर्षं मी ज्या हाताला जपत आलो होतो, त्या हाताकडे तिने कधी पाहिलंच नव्हतं. आणि मी तिथे दिवसभर बसलो होतो हे मला आठवतही नव्हतं.

नव्या पाळकांनी पिशवी उतरवली. माझ्याशेजारी शेणाने सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून ते बसले. सुनेने चहा टाकला. म्हातारीने त्यांना विचारलं की आई हाय का, तिला सांधेदुखी हाय का, तुमचं लगीन कावून राह्यलं. त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. लग्नाच्या प्रश्नाला ते लाजले आणि म्हातारी खोकत खोकत हसली. ऊन दारातून आत आलं, खाटेच्या पायापर्यंत सरकलं, तरी ते उठले नाहीत.

मग मी ताटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी प्रार्थना केली. पावाचा तुकडा मोडून ते थांबले, कारण म्हातारी हलेना. मी माझे दोन्ही तळवे एकावर एक ठेवले आणि त्यांच्यापुढे धरले. इतकी वर्षं मी आधी स्वतःच्या हाताने घ्यायचो आणि मग लोकांना द्यायचो. बिशपांच्या हातून घेतलं असेल कधी परिषदेत, पण आपल्याच मंडळीत, आपल्याच पाळकासमोर हात पसरायची ही माझी पहिलीच वेळ.

म्हातारी माझ्या तळव्यांकडे निरखून पाहत होती.

"तुमी बी यांच्या हातनं घेता व्हय?"

"हो."

तिने गोधडीतून हात बाहेर काढला. उसाच्या पात्याने चिरलेले जुने व्रण त्याच्यावर अजून होते. तो हात तिने माझ्या हातांच्या पुढे सरकवला.

"मग मला आदी," ती म्हणाली.

मी माझे हात जरा मागे घेतले आणि माझी पाळी येण्याची वाट पाहू लागलो.