परवानगीशिवाय नेलेला पेशंट

"हात धुतले का?"

हे तो प्रत्येकाला विचारायचा. मला, नर्सला, एकदा तर पाहणीला आलेल्या मंत्र्यालाही. मंत्री हसले. तो हसला नाही, साबण पुढे करून उभा राहिला.

सत्तरच्या दशकात मी सुरतच्या एका हॉस्पिटलात, अपघात विभागात शिकाऊ डॉक्टर होतो. तो तिथला ड्रेसर. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. मूळचा खानदेशचा, शहराच्या कडेला डिंडोलीत राहणारा, पन्नाशीचा आणि तापट. पण उधन्याच्या कारखान्यातून कुणी गाववाला जखमी होऊन आला की आवाज उतरायचा. "काय व्हयनं, भाऊ? कोठे दुखस?" तेवढ्यानं माणूस शांत व्हायचा. माझ्या इंजेक्शनानं होत नसे. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल, ज्याच्या खांद्यावर हॉस्पिटल चालतं आणि ज्याला बसायला स्टूलही नसतं.

आमच्याकडे आलेला पेशंट संध्याकाळपर्यंत एक तर वॉर्डात जायचा, नाहीतर घरी. एका दुपारी मागावरचा एक तरुण कामगार आणला. सूत गुंडाळलेला जड बीम पोटावर आदळला होता. वरून खरचटलेलंही नव्हतं. सोबत आलेला मॅनेजर थेट आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसला. पेशंट दाखल झाला असता तर कारखान्यावर अपघाताची चौकशी आली असती.

ड्रेसर घटकेघटकेला त्याची नाडी बघत होता. ते त्याचं काम नव्हतं.

"डॉक्टर, नाडी पळतेय. पोट कडक होतंय. आत रक्त जातंय याच्या."

मी पोट चाचपलं. तो म्हणत होता ते खरं होतं. मी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते मॅनेजरबरोबर चहा घेत होते.

"आता ड्रेसर तुला डॉक्टरी शिकवणार? घरी पाठव त्याला."

पुढच्या शिक्षणासाठी मला त्यांची शिफारस हवी होती. मी पेशंटच्या सुट्टीच्या कागदावर सही केली.

ड्रेसरनं कागद वाचला. "तुम्हीपण?" एवढंच म्हणाला आणि स्ट्रेचर स्वतः ढकलत थेट ऑपरेशन थिएटरला घेऊन गेला. सर्जननं पोटावर हात ठेवला आणि पेशंटला आत घेतलं. प्लीहा फाटली होती. माणूस वाचला.

चौकशी झाली ती ड्रेसरची. परवानगीशिवाय पेशंट हलवला म्हणून. ड्रेसरनं मला पेशंटबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, असं मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडून लिहून घेतलं. लिहून घेतलं म्हणजे काय? मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात. त्या मॅनेजरचा, त्या डॉक्टरांचा मला संताप येतोच, पण त्या अक्षराचा येतो तेवढा कशाचाच येत नाही.

त्याला कामावरून काढलं. जाताना तो माझ्यापाशी थांबला. "भ्यालात, ते समजतं. पण खोटं कशाला लिहिलं?"

 

महिन्याभरानं तो कामगार तपासणीला आला. बरोबर बायको होती, तिच्या हातात पेरूंची पिशवी.

"पट्टीवाले दादा कुठे आहेत?"

"गेले इथून."

"कोणी काढलं?"

मी त्याला सदरा वर करायला सांगितला, टाके तपासले, जखम छान भरलीय म्हणालो आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.